अटलांटातला ८-७ चा विजय आणि त्यानंतर पांगलेला मेट्स संघ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ३० सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकन बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क मेट्स संघाने अटलांटात ८-७ असा विजय मिळवून बाद फेरी गाठली, तेव्हा हाच संच पुढची चार-पाच वर्षे एकत्र खेळेल असे वाटले होते, मग अवघ्या दोन हिवाळ्यांत अलोन्सो, डिआझ, निम्मो आणि मॅकनील हे प्रमुख खेळाडू बाहेर कसे गेले, आणि व्यवस्थापनाने जमलेली घडी विनाकारण विस्कटली का?

मी न्यू जर्सीत शाळकरी आणि महाविद्यालयीन पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, शिकवतो, त्यामुळे कोणताही सामना पाहताना माझे लक्ष फलंदाजाआधी पिचरकडे जाते. उत्तरावर त्याची छाप पडणारच. माझे मत असे की घडी विस्कटली हे खरे, पण ती त्या दिवशीही घट्ट नव्हती. ज्या खेळाडूंनी तो विजय मिळवला त्यांच्यातले बरेच जण कराराने फार तर काही आठवड्यांपुरतेच बांधलेले होते, आणि संघाचा खरा तुटवडा, म्हणजे भरवशाने डाव टाकणाऱ्या पिचरचा तुटवडा, त्याच सामन्यात स्पष्ट दिसला होता. फ्रान्सिस्को लिंडोरच्या निर्णायक होम रनमुळे, म्हणजे कुंपणापार मारलेल्या फटक्यामुळे, तो झाकला गेला.

आधी प्रसंग नीट समोर ठेवू. हेलेन चक्रीवादळामुळे अटलांटा ब्रेव्ह्ज आणि मेट्स यांच्यातले २५ आणि २६ सप्टेंबरचे सामने पुढे ढकलले गेले आणि नियमित हंगाम संपल्यावर सोमवारी एकाच दिवशी दोन सामने खेळवावे लागले. दोन्ही संघ ८८ विजय आणि ७२ पराभवांवर होते. दोघांनी एकेक सामना जिंकला तर दोघेही आत आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स बाहेर, असे गणित होते. शेवटी तसेच घडले. तिन्ही संघ ८९-७३ वर थांबले आणि ॲरिझोना आपसातल्या सामन्यांच्या निकषावर मागे पडला. पण पहिला सामना हरला असता, तर दुपारी दमलेल्या पिचरना घेऊन मेट्सना रात्री निर्वाणीचा सामना खेळावा लागला असता.

नऊ डावांच्या या सामन्यात सात डाव संपले तेव्हा मेट्स ०-३ ने मागे होते. ब्रेव्ह्जचा नवोदित पिचर स्पेन्सर श्वेलेनबाख याने त्यांना एकही धाव करू दिली नव्हती. आठव्या डावात टायरोन टेलरने त्याच्याविरुद्ध अकरा चेंडू खेळून काढत दुहेरी (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा) फटका मारला आणि तिथून चक्र फिरले. ज्या फलंदाजाने आपल्याला अकरा चेंडू टाकायला लावले त्याने शेवटी फटकाही मारला, याने पिचरचे खांदे कसे पडतात हे जवळून पाहिल्याखेरीज कळत नाही. श्वेलेनबाख बाहेर गेला, अल्वारेझचा दुहेरी फटका आला, पाठोपाठ आणखी फटके बसले आणि निम्मोच्या दोन धावांच्या होम रनने गुणफलक ६-३ वर गेला. पण त्याच डावाच्या उत्तरार्धात ब्रेव्ह्जनी चार धावा काढून ७-६ अशी आघाडी परत मिळवली. नवव्या डावात एक गडी बाद असताना स्टार्लिंग मार्टेने एकेरी फटका मारला आणि पाठदुखीमुळे सप्टेंबरातले बरेच सामने बाहेर बसलेल्या फ्रान्सिस्को लिंडोरने पिअर्स जॉन्सनचा चेंडू उजव्या-मधल्या कुंपणापलीकडे धाडला.

हे चित्र सगळ्यांना आठवते. मला मात्र आठव्या डावाच्या उत्तरार्धातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर थोडे रेंगाळण्याची परवानगी घेतो. ब्रेव्ह्जच्या जॅरेड केलेनिकने पहिल्या बेसच्या दिशेने जमिनीवरून चेंडू मारला. पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक अलोन्सो तो अडवण्यासाठी बेस सोडून आत आला. अशा वेळी बेसवर धावत जाऊन फेक घेणे हे पिचरचे काम असते. मेट्सचा क्लोजर, म्हणजे शेवटचा डाव टाकून सामना संपवणारा पिचर, एडविन डिआझ आपल्या जागेवरून वेळेत हललाच नाही आणि केलेनिक सुखरूप पोहोचला. डावातला जो गडी सहज बाद व्हायला हवा होता, तो बेसवर उभा राहिला. थोड्याच वेळात ओझी अल्बीजने तीन बेसवरचे तिन्ही धावपटू घरी आणणारा दुहेरी फटका मारला.

ही चूक आळसाची असते असे प्रेक्षकांना वाटते. बहुधा ती थकव्याची असते. चेंडू आपल्या डाव्या बाजूला, पहिल्या बेसकडे, मारला गेल्याचे दिसताच पिचरने विचार न करता पळायला सुरुवात करायची असते. थेट बेसकडे नव्हे, तर बेसच्या दहा-बारा फूट अलीकडे रेषेवरच्या एका बिंदूकडे, आणि तिथून वळून रेषेला समांतर जात फेक घ्यायची, उजवा पाय बेसच्या आतल्या कडेला लावायचा आणि धावपटूच्या वाटेत न येता आत वळायचे. वसंतातल्या सराव शिबिरात पिचर हे रोज करून कंटाळतात, मुले तर माझ्याकडे तक्रारच करतात. पण जो पिचर आदल्या दिवशीही टाकून आला आहे आणि डावाच्या मध्येच धावपटू बेसवर असताना बोलावला गेला आहे, त्याचे पहिले पाऊल अर्ध्या सेकंदाने उशिरा पडते, आणि तेवढ्यात सगळे संपते. डिआझने नवव्या डावात परत येऊन सामना संपवला, याबद्दल त्याचे कौतुक करावे तितके थोडे. तरीही एखाद्या संघाला हंगामातल्या सर्वांत महत्त्वाच्या दुपारी आपला क्लोजर आठव्या डावात आणावा लागतो, त्याच्या हातून आघाडी जाते आणि त्यानंतरही नववा डाव टाकायला तोच उभा करावा लागतो, तेव्हा प्रशिक्षकापुढे दुसरा विश्वासू पर्याय नाही एवढाच अर्थ त्यातून निघतो.

आता कराराच्या बाजूकडे येतो, कारण आपला गैरसमज तिथे आहे असे मला वाटते.

अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडू मुख्य लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण करेपर्यंत क्लबच्या ताब्यात असतो. पहिली साधारण तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात (२०२४ मध्ये ते ७ लाख ४० हजार डॉलर होते), पुढची तीन वर्षे लवादाच्या प्रक्रियेतून पगार ठरतो आणि त्यानंतर तो कोणत्याही क्लबशी करार करायला मुक्त होतो. आयपीएलमध्ये संघ ठरावीक खेळाडू राखून ठेवतो आणि बाकीचे लिलावात जातात. इथे लिलाव नाही, प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते आणि वेगळ्या दिवशी थांबते. त्यामुळे संघाचे भवितव्य जोखताना कोण किती चांगला आहे याबरोबरच कोणाच्या घड्याळात किती वेळ उरला आहे हे पाहावे लागते.

त्या सोमवारी हा हिशेब कसा होता? लिंडोर ३४.१ कोटी डॉलरच्या दहा वर्षांच्या करारावर २०३१ पर्यंत बांधलेला. निम्मो २०३० पर्यंत. मार्क व्हिएन्टोस आणि फ्रान्सिस्को अल्वारेझ हे फलंदाज तरुण, स्वस्त आणि बरीच वर्षे हाती असलेले. इथवर सगळे ठीक आहे. पण पीट अलोन्सो हंगामानंतर मुक्त होणार होता. मे महिन्याच्या अखेरीस दुय्यम संघातून वर आणलेला आणि ८५ सामन्यांत .३३७ च्या सरासरीने खेळलेला होसे इग्लेसियस मुक्त होणार होता. आणि खरी गंभीर बाब म्हणजे सुरुवातीचे, म्हणजे पहिल्या डावापासून टाकणारे, पिचर : शॉन मनाया, लुईस सेव्हेरिनो आणि होसे क्विंटाना. या तिघांनी मिळून त्या हंगामात ५३० हून अधिक डाव टाकले होते, म्हणजे संघाच्या एकूण डावांपैकी एक तृतीयांशाहून जास्त. सेव्हेरिनो आणि क्विंटाना यांचे करार संपत होते, आणि मनाया स्वतःच्या अधिकारात करार सोडून बाहेर पडू शकत होता, तसा तो पडलाही. जून २ रोजी २४-३५ अशा स्थितीत असलेला संघ पुढे ६५-३८ खेळला, त्याचे श्रेय लोक फलंदाजांच्या उत्साहाला देतात. मी या तीन जणांनी दर पाचव्या दिवशी न चुकता चेंडू हातात घेण्याला देतो. हे काम दिसायला साधे, पण त्याची किंमत ते करणारा गेल्यावरच कळते.

ऑक्टोबरात पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहेच : मिलवॉकीत डेव्हिन विल्यम्सला अलोन्सोने मारलेला तीन धावांचा होम रन, फिलाडेल्फियावर मात, लिंडोरचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला होम रन) आणि डॉजर्सविरुद्ध सहा सामन्यांत संपलेली वाटचाल.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मेट्सनी हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर देऊन करारबद्ध केले. या कराराविषयी भरपूर लिहिले गेले आहे, मी त्यात भर घालत नाही. सोटोने २०२५ मध्ये ४३ होम रन मारले आणि ३८ बेस चोरले, तेव्हा पहिल्या वर्षापुरती तरी तक्रारीला जागा नाही. माझी तक्रार पिचरविषयी आहे. मनायाला तीन वर्षांसाठी ७.५ कोटींवर परत आणले. सेव्हेरिनो ॲथलेटिक्स या क्लबकडे गेला, क्विंटानालाही ठेवले नाही. त्यांच्या जागी क्ले होम्स आला, जो आदल्या वर्षापर्यंत न्यूयॉर्क यांकीजकडे बुलपेनमधून, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्यांच्या ताफ्यातून, एकेक डाव टाकत होता. फ्रँकी मोंटास आला, ज्याच्या खांद्यावर आधीच शस्त्रक्रिया झालेली होती. आणि ग्रिफिन कॅनिंग एका वर्षाच्या छोट्या करारावर आला. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर समर्थनीय आहे. होम्सने तर १६० हून अधिक डाव टाकून सगळ्यांना खोटे पाडले. पण या सर्वांनी मिळून ५३० डावांची जागा भरायची होती, आणि त्यातल्या एकाकडेही लागोपाठ दोन-तीन वर्षे तेवढे ओझे वाहिल्याचा अलीकडचा दाखला नव्हता, मनायाचा काय तो अपवाद.

आणि मग १२ जून २०२५ उजाडला. मेट्स त्या दिवशी ४५-२४ वर पोहोचले. त्या घडीला बेसबॉलमधला जय-पराजयांचा सर्वोत्तम लेखाजोखा त्यांचा होता. पण त्याच सामन्यात कोडाई सेंगा पहिल्या बेसकडे धावत गेला, अलोन्सोची फेक उंच आली, ती घेण्यासाठी त्याने उडी मारली आणि खाली येताना त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. तोपर्यंत दर नऊ डावांमागे दीडहूनही कमी धावा देणारा हा पिचर परत आला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता, आणि सप्टेंबरात त्याला दुय्यम संघात पाठवावे लागले. मनाया जुलैपर्यंत खेळू शकला नाही आणि खेळला तेव्हा त्याची लय सापडली नाही. कॅनिंगच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला, मोंटासचे कोपर गेले, आणखी एक पिचर टायलर मेगिल जायबंदी झाला. ४५-२४ नंतर संघ ३८-५५ खेळला.

जुलैअखेरच्या व्यवहार मुदतीत व्यवस्थापनाने रायन हेल्सली, टायलर रॉजर्स, ग्रेगरी सोटो असे बुलपेनचे पिचर आणले, पण सुरुवातीचा एकही पिचर आणला नाही. हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. सुरुवातीचा पिचर चौथ्या डावात बाहेर आला की बुलपेनमध्ये कितीही चांगली नावे असली तरी ती आठवड्याभरात झिजतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नोलन मॅक्लीन, जोना टाँग आणि ब्रँडन स्प्रोट या तीन नवख्यांच्या खांद्यावर बाद फेरीची शर्यत द्यावी लागली. मॅक्लीनने ती पेललीही. आठ सामन्यांत पाच विजय आणि दर नऊ डावांमागे २.०६ धावा, हे पदार्पणाच्या मानाने विलक्षण आहे. २८ सप्टेंबरला मायामीत ०-४ ने हार झाली आणि सिनसिनाटी रेड्स त्याच ८३-७९ च्या लेखाजोख्यावर, आपसातल्या सामन्यांच्या निकषामुळे पुढे गेले. ज्या निकषाने एक वर्ष आधी मेट्सना तारले, त्यानेच आता बाहेर काढले. आणखी एक तुलना मला राहून राहून करावीशी वाटते : अटलांटात मेट्स आठव्या डावाअखेर मागे असूनही जिंकले होते, २०२५ च्या संपूर्ण हंगामात आठव्या डावाअखेर मागे असताना त्यांनी एकही सामना जिंकला नाही. फलंदाजी त्याच लिंडोरची, त्याच अलोन्सोची, वर हुआन सोटोची भर. उशिरा मिळवलेले विजय ही संघाची टिकाऊ शक्ती असते असे मानून नियोजन करू नये, ते याकरिता.

म्हणून २०२५-२६ च्या हिवाळ्यातली उलथापालथ मला आपल्याइतकी धक्कादायक वाटली नाही. बेसबॉल व्यवहारांचे प्रमुख डेव्हिड स्टर्न्स यांनी धावा रोखण्यावर भर देणार असे सांगितले आणि तसे वागले. निम्मोला टेक्सास रेंजर्सकडे देऊन मार्कस सेमियन हा दुसऱ्या बेसवरचा उत्तम क्षेत्ररक्षक घेतला. सेमियन वयाने मोठा आहे, पण त्याचा करार निम्मोपेक्षा दोन वर्षे आधी संपतो, आणि या अदलाबदलीचे खरे मर्म तिथे आहे. मॅकनील ॲथलेटिक्सकडे गेला. अलोन्सोने बाल्टिमोरशी पाच वर्षांचा १५.५ कोटी डॉलरचा करार केला. डिआझ तीन वर्षांसाठी ६.९ कोटींवर डॉजर्सकडे गेला.

अलोन्सोला जाऊ दिले हे मला मान्य आहे. २६४ होम रन मारून तो क्लबच्या इतिहासात अव्वल आहे, मैदानावर त्याच्याइतका प्रेमाने स्वीकारला गेलेला खेळाडू दुसरा नव्हता, आणि २०२५ मध्ये त्याने १२६ धावा घरी आणल्या. पण तो डिसेंबर २०२५ मध्ये ३१ वर्षांचा झाला, पहिल्या बेसवरचे त्याचे क्षेत्ररक्षण दरवर्षी थोडे घसरत आहे, आणि पाचव्या वर्षी तो कोणत्या जागी खेळेल याचे उत्तर कोणाकडेच नाही.

डिआझच्या बाबतीत मात्र माझे मत उलट आहे. अटलांटातली ती चूक मी वर एवढी उगाळली म्हणून मी त्याच्या विरोधात आहे असे समजू नका. २०२५ मध्ये दर नऊ डावांमागे १.६३ धावा देणारा क्लोजर सहज मिळत नाही, आणि त्याच्या जागी डेव्हिन विल्यम्स आणला आहे, ज्याचे यांकीजमधले वर्ष चढउतारांचे होते. इथे कराचा मुद्दा येतो. क्लबचे एकूण वेतन ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दंडात्मक कर लागतो. लागोपाठ वर्षे मर्यादा ओलांडणाऱ्या आणि सर्वांत वरच्या टप्प्यात असणाऱ्या मेट्ससारख्या क्लबला पुढच्या प्रत्येक डॉलरवर १ डॉलर १० सेंट कर भरावा लागतो. म्हणजे वर्षाला २.३ कोटी घेणारा क्लोजर प्रत्यक्षात ४.८ कोटींच्या घरात पडतो. हा युक्तिवाद कोणी केला तर मला मान्य आहे, फक्त डॉजर्सही तोच कर भरतात आणि तरी त्यांनी तो घेतला, हे विसरू नये. शिवाय मेट्सनी वाचलेले पैसे तिजोरीत ठेवलेले नाहीत. फलंदाज होर्हे पोलांको आला, आणि बो बिशेट तीन वर्षांच्या १२.६ कोटींच्या करारावर आला.

पुढच्या काळाविषयी आपण नेमके विचारले आहे, तर माझा अंदाज असा. अटलांटातल्या त्या दोन डावांचे नायक आठवून पाहिले तर लिंडोर, व्हिएन्टोस आणि अल्वारेझ एवढेच महत्त्वाचे दुवे उरतात, आणि व्हिएन्टोसची जागाही पक्की नाही. फलंदाजी हुआन सोटो आणि लिंडोर यांच्याभोवती उभी राहील, त्याची मला चिंता नाही. मिलवॉकीकडून सुरुवातीचा पिचर फ्रेडी पेराल्टाला आणले हा त्या हिवाळ्यातला मला सर्वांत पटलेला व्यवहार आहे. अखेर कोणीतरी डावांची मोजणी केली. पण त्यासाठी जेट विल्यम्स आणि स्प्रोट हे तरुण खेळाडू द्यावे लागले, आणि पेराल्टाचा करार २०२६ च्या अखेरीस संपतो. म्हणजे मनाया, सेव्हेरिनो आणि क्विंटाना यांच्या वेळी जो पेच पडला होता, तोच एका खेळाडूपुरता पुन्हा समोर आहे. त्यातच खेळाडू संघटना आणि क्लब यांच्यातला सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपणार असल्याने, कराची मर्यादा आणि मुक्त होण्याचे नियम नंतर हेच राहतील असे गृहीत धरून कोणी लांबचे आकडे मांडत असेल तर ते सावधपणे वाचावेत.

आपण विचारलेच आहे की २०२६ च्या हंगामात काय पाहावे. मी मॅक्लीनला पाहणार आहे. पूर्ण वर्ष मुख्य लीगमध्ये टाकताना जुलैच्या उकाड्यात त्याच्या चेंडूचा वेग टिकतो का आणि तो सहाव्या डावापर्यंत पोहोचतो का, यावर पेराल्टाला किती वर्षांचा प्रस्ताव द्यायचा हे ठरेल. आणि सेंगा परत उभा राहिला तर तो प्रस्ताव द्यायची घाईही करावी लागणार नाही.